दहा वर्षांत फ्लॅट दुप्पट, म्हणजे वर्षाला 10 टक्के?
पुण्यातला 50 लाखांचा फ्लॅट दहा वर्षांत एक कोटीला गेला की ‘वर्षाला 10 टक्के सुटले’ असं सर्रास सांगतात. हिशेब चुकीचा आहे. चक्रवाढीने हा दर 7.2 टक्केच भरतो. त्यात खरेदीच्या वेळच्या 6 टक्के मुद्रांक शुल्काचे 3 लाख, नोंदणीचे 30 हजार आणि विकतानाची 2 टक्के दलाली धरा: गेले 53.30 लाख, हाती आले 98 लाख. उरला सुमारे 6.3 टक्के, तोही कर भरण्याआधी. भाडं जमेला धरायलाच हवं, पण मेंटेनन्स, मालमत्ता कर वजा करून. एक्सेलमध्ये तारखा आणि रकमा मांडा, दिलेल्या उणे, मिळालेल्या अधिक, मग एक्सआयआरआर (तारखा आणि रकमांवरून वार्षिक परताव्याचा दर काढणारं एक्सेलचं सूत्र) लावा. कर्ज असेल तर पूर्ण किंमत नको, डाउन पेमेंट आणि हप्तेच लिहा. नाहीतर खर्च दुबार मोजला जातो.