गाडीच्या पोटाखालची रोषणाई

गाडीखाली निळी-जांभळी पट्टी लावून फिरणे हे पोरांनी इंग्रजी सिनेमे बघून उचललेले खूळ आहे, असे खान्देशात सर्रास म्हटले जाते. ते अर्धेच खरे. ज्या ‘द फास्ट अँड द फ्युरियस’ने ही हौस जगभर नेली तो 2001 चा, आणि चोपडा-अमळनेरकडे गाड्यांखाली उजेड पडू लागला तो त्यानंतर बऱ्याच वर्षांनी. मधली वर्षे घोडे अडले होते ते दिव्याच्या जातीवर.

हा दिवा आधी निऑनचा होता. निऑन वायू 1898 मध्ये लंडनला रॅम्से आणि ट्रॅव्हर्स यांना सापडला. त्याची नळी पेटवून दाखवली जॉर्ज क्लोद या फ्रेंच अभियंत्याने, 1910 च्या डिसेंबरात, पॅरिसच्या मोटार प्रदर्शनात. म्हणजे मोटार आणि निऑनची गाठ पहिल्या दिवसापासूनची, पण तेव्हा नळ्या होत्या इमारतीवर. गाडीलाच उजळवण्याचा खटाटोप 1960 च्या दशकाच्या सुरुवातीला गुडइयर कंपनीने केला. पारदर्शक पॉलियुरेथेनचे टायर आणि आत छोटे बल्ब! दिसायला देखणे प्रकरण, पण ओल्या रस्त्यावर पकड कमी आणि उष्णता सोसेना, त्यामुळे ते बाजारात आलेच नाही. पुढे 1990 च्या दशकात अमेरिकेत गाडीखाली लावायच्या निऑन नळ्यांचे तयार संच विकले जाऊ लागले.

ते संच इकडे आले असते तरी टिकले नसते. काचेची नळी, तिला पेटवायला बॅटरीच्या 12 व्होल्टचे काही हजार व्होल्ट करणारा ट्रान्सफॉर्मर, आणि वर आपले गतिरोधक. जुना सहा नंबरचा हायवे, म्हणजे आताचा 53, ज्यांनी चौपदरीकरण रखडलेल्या काळात तरसोद ते फागणे पार केला असेल त्यांना जास्त सांगायला नको. तिथे सायलेन्सर शाबूत राहणे हेच नशीब होते.

वाहन सजवायची हौस मात्र खान्देशाला शिकवावी लागली नाही. जळगावात कार्तिकात आधी वहनोत्सव होतो आणि एकादशीला श्रीरामाचा रथ निघतो. पारोळ्याला बालाजीचा रथ. वाहन सजवून, उजळून गावातून फिरवायचे आणि लोकांनी रस्त्याच्या दोन्ही बाजूंनी उभे राहून बघायचे, हे इथे पिढ्यान्‌पिढ्या चालत आले आहे. वरातीचे तेच. आधी डोक्यावर गॅसबत्त्या घेतलेली माणसे, मग जनरेटरच्या गाड्यावर ट्यूबलाइट, मग डीजे. नवरदेवाच्या गाडीवर मात्र बराच काळ फुलेच राहिली.

मधला दुवा माझ्या मते काळीपिवळीचा आहे. तालुक्याच्या गावाहून खेड्यांकडे धावणाऱ्या या जीपगाड्यांनी रेडियमची नक्षी, टपावर रंगीत बल्बांच्या माळा आणि सीटखाली वूफर हे सगळे फार आधी केले. त्यात दिखावा होता तसा धंदाही होता, कारण स्टँडवर ओळीने उभ्या गाड्यांत आपली गाडी लांबून ओळखू यावी लागे. तिच्या वायरिंगवर हात बसलेले ऑटो इलेक्ट्रिशियनच पुढे कारखाली पट्ट्या लावू लागले. सिनेमाला श्रेय देणारे या माणसांना विसरतात.

खरा बदल झाला निळ्या एलईडीने. लाल एलईडी 1962 पासून होता. झगझगीत निळा मिळायला 1993 उजाडले. तो शुजी नाकामुरा यांनी जपानच्या निचिया कंपनीत बनवला आणि त्यासाठी आकासाकी व आमानो यांच्यासह त्यांना 2014 चे नोबेल मिळाले. लाल, हिरवा आणि निळा एका ठिपक्यात बसले की रिमोटवर हवा तो रंग मिळतो. मग आली लवचीक पट्टी. ती थेट 12 व्होल्टवर चालते आणि दर तीन दिव्यांनंतर कात्रीने कापता येते. पाच मीटरच्या एका रिळात लहान गाडीच्या चारही बाजू भागतात. फुटायला काच नाही, वर सिलिकॉनचे आवरण. गतिरोधकाचा प्रश्नच मिटला.

उष्णतेचा नाही मिटला. भुसावळ-जळगावचा पारा मे महिन्यात 45 च्या वर जातो आणि पट्टीमागचा डिंक सुटतो. पावसाळ्यात काळी माती आवरणावर थापून बसते. म्हणून जाणता फिटर नुसत्या चिकटपट्टीवर विसंबत नाही, ॲल्युमिनियमच्या चॅनलमध्ये पट्टी बसवून टाय मारतो. प्रत्येक मीटरला 60 मोठे दिवे असलेली पट्टी मीटरमागे साधारण 14 वॅट खाते. पाच मीटरला सुमारे 6 अँपिअर झाले. इंजिन बंद ठेवून वरातीत तीन-चार तास पेटवली तर 35 अँपिअर-तासांची बॅटरी निम्म्याहून जास्त उतरते आणि नवरदेवाच्या गाडीला धक्का मारायची पाळी येऊ शकते. फ्यूज न टाकता बॅटरीवर सरळ जोड देणे तर निव्वळ मूर्खपणा. घासलेली वायर बॉडीला टेकली की आग लागायला तेवढे पुरते.

कायदा या हौसेच्या आधीचा आहे. 1989 च्या केंद्रीय मोटार वाहन नियमांतला 108 वा नियम पुढे लाल उजेड आणि मागे लालखेरीज दुसरा उजेड दाखवायला, मोजके अपवाद सोडून, मनाई करतो. रिमोटवर रंग बदलत चारही बाजूंना सांडणारी पट्टी त्यात बसत नाही. 2017 मध्ये पुढाऱ्यांच्या गाड्यांवरचे लाल दिवे गेले आणि लाल-निळा-पांढरा मिश्र दिवा आपत्कालीन सेवांच्या गाड्यांपुरता उरला, तेव्हापासून निळ्या उजेडाकडे पोलिसांचे लक्ष जास्तच जाते. 2019 च्या दुरुस्तीने कलम 182अ आणले. नियमात न बसणाऱ्या प्रत्येक बदलाला पाच हजार रुपये दंड किंवा सहा महिन्यांपर्यंत कैद, किंवा दोन्ही, आणि मागाहून सुटे भाग बसवण्याचा उल्लेख त्यात नावानिशी आहे. गिऱ्हाइके म्हणून वेगळा स्विच आणि झटक्यात सुटणारा कपलर, म्हणजे वायरींचा जोड, मागून घेतात. वराती गल्लीतच असतात. हायवेला लागायच्या आधी कपलर काढला जातो.