शॉर्टवेव्हवरचा आवाज का बुडतो?

मोबाइलवर जगभरातली केंद्रं स्वच्छ ऐकू येतात, मग शॉर्टवेव्हच्या खरखरीला कान लावून कशाला बसायचं? ठाण्यात आमच्या सोसायटीत हा प्रश्न मला हमखास विचारतात. बातम्यांपुरतं त्यांचं म्हणणं मान्य. बीबीसी हिंदीनेसुद्धा जानेवारी २०२०अखेर शॉर्टवेव्ह सोडली. पण मला मोबाइलवर जे कधीच घडत नाही तेच ऐकायचं असतं: आवाज चढतो, बुडतो, मधेच फाटतो आणि पुन्हा सावरतो.

शाळेत शिकलो की आयनांबर, म्हणजे वातावरणाचा उंचावरचा विद्युतभारित भाग, रेडिओलहरी आरशासारख्या परत पाठवतं. परीक्षेपुरतं ठीक, पण वर आरसा वगैरे काही नाही. सूर्याचे अतिनील आणि क्ष-किरण तिथल्या विरळ हवेतून इलेक्ट्रॉन सुटे करतात. रेडिओलहर आली की हे इलेक्ट्रॉन तिच्या तालावर हलतात आणि स्वतःही लहरी सोडतात. सगळ्यांची बेरीज होऊन जी लहर बनते तिचे माथे जास्त वेगाने सरकतात. इलेक्ट्रॉन जितके दाट, तितका वेग जास्त. तिरक्या लहरीची वरची कड दाट भागात असते, ती खालच्या कडेच्या पुढे जाते आणि लहर हळूहळू जमिनीकडे वळते. (माथ्यांचा वेग प्रकाशापेक्षाही जास्त भरतो. संदेश मात्र हळूच जातो, तेव्हा आइन्स्टाइनला धक्का नाही.) घनमीटरमागे एक लाख कोटी इलेक्ट्रॉन असतील, तर सरळ वर सोडलेली ९ मेगाहर्ट्झपर्यंतची लहर परत येते. तिरकी सोडली तर ही मर्यादा तिपटीच्या आसपास जाते.

अशी लहर एका उडीत तीन हजार किलोमीटर सहज गाठते. दूरच्या केंद्राची लहर बऱ्याचदा दोन वाटांनी येते: एक कमी उड्यांची, दुसरी मधे जमिनीवर आपटून जास्त उड्या घेणारी. ३१ मीटर बँडवर, म्हणजे सुमारे ३१ मीटर लांबीच्या लहरींवर, या वाटांमधला फरक अर्ध्या लांबीने, साडेपंधरा मीटरने, बदलला, की माथ्यावर माथा येत होता तिथे माथ्यावर खळगा येतो आणि आवाज गेला! सतत हलणाऱ्या, अडीच-तीनशे किलोमीटर उंचीवरच्या थराला साडेपंधरा मीटर म्हणजे किती? फाटण्याचं कारणही यातच आहे. एएममध्ये, म्हणजे आवाजानुसार लहरीची उंची बदलण्याच्या पद्धतीत, मधली वाहक लहर आणि तिच्या दोन्ही बाजूंचे पट्टे यांची वारंवारता थोडी वेगळी असते, म्हणून ते एकाच वेळी बुडत नाहीत. वाहक एकटीच बुडाली, तर निवेदक पाइपातून बोलल्यासारखा वाटतो.

१९२४ साली ब्रिटिश भौतिकशास्त्रज्ञ एडवर्ड अ‍ॅपल्टन यांनी याच चढउताराचा उपयोग केला. बीबीसीच्या बोर्नमथ केंद्राची तरंगलांबी हळूहळू बदलायला लावून, आवाज किती वेळा चढला-बुडाला त्यावरून त्यांनी आयनांबरातल्या खालच्या एका थराची उंची काढली, सुमारे शंभर किलोमीटर. १९४७चं नोबेल त्यांना मिळालं.

आपल्या शेजारी, नवीन पनवेलच्या भारतीय भूचुंबकत्व संस्थेतही आयनांबरावर संशोधन चालतं. चुंबकीय विषुववृत्त भारताच्या दक्षिण टोकाजवळून जातं. त्या पट्ट्यात सूर्यास्तानंतर कमी इलेक्ट्रॉनांचे प्रचंड बुडबुडे वर चढतात. ते वाटेत आले की आवाज थरथरू लागतो.

मंगळावरून कॉस्मिक किरण येणार, रात्री मोबाइल बंद ठेवा, हा निरोप व्हॉट्सअ‍ॅपवर अधूनमधून फिरतो. तो तद्दन खोटा. सूर्यावरच्या भडक्याचा खरा परिणाम मात्र घरच्या रेडिओवर ऐकता येतो. क्ष-किरणांमुळे सर्वांत खालचा डी थर दाटतो, लहरींची ऊर्जा गिळतो आणि भरदिवसा शॉर्टवेव्ह काही मिनिटं, कधी तासभरही गप्प होते.

एरवीही दिवसा हा थर कमी मेगाहर्ट्झच्या, म्हणजे जास्त मीटरच्या, लहरी जास्त खातो. म्हणून दुपारी १९ किंवा २५ मीटर लावावा, अंधार पडल्यावर ४१ किंवा ४९. रेडिओ खिडकीशी ठेवा, दोन-तीन मीटर वायर ग्रिलबाहेर सोडा. आणि घरातले एलईडी दिवे, चार्जर बंद करून बघा. निम्मी खरखर त्यांचीच निघते.