फुलर्टन आणि मिक द मिलर: कुत्रा एका जातीचा, खेळ दोन

इंग्लंडात ट्रिंग गावी नैसर्गिक इतिहासाचं एक संग्रहालय आहे. तिथे पेंढा भरून जपलेल्या कुत्र्यांमध्ये फुलर्टन आणि मिक द मिलर असे दोन ग्रेहाउंड आहेत. दोघेही आपापल्या काळी घरोघरी माहीत होते, दोघांवर लोकांनी भरपूर पैसे लावले आणि दोघांच्याही पुढे ससा पळत होता. त्यामुळे दोघांनाही ‘ग्रेहाउंड शर्यतींचे जुने विजेते’ म्हणून एकाच ओळीत बसवतात. फुलर्टन मात्र ट्रॅकवर, म्हणजे आखलेल्या मैदानात नकली सशामागे, कधी धावलाच नाही. 1892 साली त्याने शेवटचा मोठा करंडक जिंकला, तेव्हा इंग्लंडात ट्रॅक चालू व्हायला अजून तीसेक वर्षं होती. त्याचा खेळ होता कोर्सिंग.

कोर्सिंगमध्ये कुत्री दोनच. एकाच्या गळ्यात लाल पट्टा, दुसऱ्याच्या पांढरा. मोकळ्या रानात हाकारे घालून जिवंत ससा उठवतात. कुत्री धरून उभा असलेला माणूस, त्याला स्लिपर म्हणतात, सशाला साधारण 80 ते 100 यार्डांची आघाडी मिळू देतो आणि मग दोन्ही कुत्री एकदम सोडतो. पंच घोड्यावर बसून मागोमाग दौडत जातो. इथवर ऐकलं की वाटतं, जो ससा पकडेल तो जिंकला. तसं नाही. पंच गुण देतो ते सशाला कोणी किती कामाला लावलं यासाठी. सुरुवातीच्या वेगाला 3 पर्यंत गुण. ससा काटकोनात किंवा त्याहून जास्त वळायला लावला तर 1, त्याहून कमी वळला तर अर्धा. मारण्याला फार तर 2, आणि ससा आयता तोंडात आला असेल तर तेवढेही नाहीत. सगळी मेहनत लाल पट्ट्याने करायची, ससा शेवटी पांढऱ्याच्या जबड्यात जायचा आणि जिंकायचा लाल, हे नेहमीचंच. ससा निसटून गेला तरी निकाल लागतोच.

म्हणजे गादीवरच्या कुस्तीत गुणांवर निकाल लागतो, तशी ही झुंज. घड्याळाचा इथे उपयोगच नाही. प्रत्येक ससा वेगळा, प्रत्येक वाट वेगळी, मग मोजणार काय?

या खेळाचा पहिला क्लब लॉर्ड ऑर्फर्ड यांनी 1776 मध्ये नॉर्फक परगण्यातल्या स्वॉफम इथे काढला. सगळ्यात मानाची स्पर्धा वॉटर्लू कप, 1836 पासून लिव्हरपूलजवळच्या ऑल्टकार इथे भरणारी. नाव लढाईवरून आलं असं वाटतं, पण थेट आलं ते लिव्हरपूलच्या वॉटर्लू हॉटेलवरून. हॉटेल चालवणाऱ्या विल्यम लिन यानेच ही स्पर्धा सुरू केली. पुढे 64 कुत्र्यांची बाद फेरी ठरली, म्हणजे जिंकायचं तर लागोपाठ सहा झुंजी मारायला हव्यात, त्याही फेब्रुवारीच्या गारठ्यात आणि चिखलात. आयर्लंडच्या लॉर्ड लर्गन यांचा मास्टर मॅग्रा हा लहानखुरा कुत्रा 1868 आणि 1869 मध्ये जिंकला. 1870 मध्ये तो बर्फ फुटून ऑल्ट नदीत पडला, बाहेर काढावा लागला. मालकाने आता पुरे म्हटलं, पण 1871 मध्ये पुन्हा उतरवलाच आणि तो तिसऱ्यांदा जिंकला. मग राणी व्हिक्टोरियाने त्याला भेटीला बोलावलं.

फुलर्टन त्याच्याही पुढचा. कर्नल नॉर्थ या चिलीच्या सोरामिठावर गबर झालेल्या धनाढ्याने त्याला 850 गिनी मोजून घेतला होता. 1889 ते 1892 अशी सलग चार वर्षं कपावर त्याचं नाव आहे. पण त्यातलं पहिलं वर्ष बघण्यासारखं आहे. अंतिम फेरीत समोर आला ट्राउएंड, तोही नॉर्थचाच! दोघांना झुंजवण्यापेक्षा कप वाटून घेतला. कोर्सिंगमध्ये हे चालत असे. ट्रॅकवर असं काही करायला जा, गॅलरीतले लोक खुर्च्या फेकतील.

ट्रॅकची कल्पना तशी जुनी. 1876 मध्ये लंडनजवळ हेंडनच्या वेल्श हार्प इथे रुळावरून नकली ससा ओढून 400 यार्डांची सरळ धाव करून पाहिली होती. ती चालली नाही. सरळ रेषेत जो वेगवान तोच पुढे, बघण्यासारखं उरतं काय? हे कोडं सोडवलं अमेरिकेत ओवेन पॅट्रिक स्मिथ यांनी. जिवंत सशांचे बळी जाणं त्यांना रुचत नव्हतं. बरीच वर्षं यंत्राशी झटापट केल्यावर 1919 मध्ये कॅलिफोर्नियातल्या एमरीव्हिल इथे त्यांचा लंबगोल ट्रॅक उघडला. माझ्या मते खरा शोध यांत्रिक सशाचा नाही, वळणांचा आहे. वळणावर आतली जागा कोण घेतो, कोण कोणाला धडकतो, कोण बाहेर फेकला जातो, हे आलं आणि शर्यतीत जीव आला. पैज लावणाऱ्याला नेमकं हेच हवं असतं.

चार्ल्स मन या अमेरिकन माणसाने ही कल्पना ब्रिटनमध्ये आणली आणि ब्रिगेडियर जनरल क्रिचली यांना सोबत घेतलं. 24 जुलै 1926 रोजी मँचेस्टरच्या बेल व्ह्यू इथे पहिल्यांदा शर्यती भरल्या. पहिल्या शर्यतीत मिस्टली नावाचा कुत्रा 440 यार्ड 25 सेकंदांत धावला. बघायला जेमतेम 1,700 लोक होते, पण थोड्याच आठवड्यांत गर्दी दहा हजारांच्या पुढे गेली. कारण सरळ होतं. कोर्सिंगला जायचं तर कामावर दांडी मारून, थंडीत, शहराबाहेर. ट्रॅक शहरातच, संध्याकाळी दिव्यांच्या उजेडात. गिरणीतून सुटलं की ट्राम पकडून जाता यायचं. पुढच्याच वर्षी लंडनमध्ये व्हाइट सिटी आणि हॅरिंगे इथे शर्यती सुरू झाल्या. 1934 च्या कायद्याने ट्रॅकवरच्या टोटला, म्हणजे एकत्र जमलेल्या पैशातून बक्षीस वाटणाऱ्या यंत्राला, मान्यता दिली, पण पैजांचे दिवस वर्षाला 104 वर बांधून टाकले.

मिक द मिलर या नव्या खेळाचा पहिला मोठा तारा. आयर्लंडमधल्या किलाय गावच्या फादर ब्रॉफी या पाद्रीबाबांकडे जन्मलेला. 525 यार्ड 30 सेकंदांच्या आत धावणारा तो पहिला, आणि मास्टर मॅग्राबद्दल असं काही सांगताच येत नाही. 1929 च्या डर्बीच्या, म्हणजे ट्रॅकवरच्या सगळ्यात मानाच्या स्पर्धेच्या, अंतिम शर्यतीत पहिल्या वळणावर कुत्री एकमेकांवर आदळली आणि पॅलाटिनस सहज पुढे निघून जिंकला. पण शर्यत रद्द झाली, पुन्हा धावली आणि मिक जिंकला. 1930 मध्येही डर्बी त्याचीच. 1931 मध्ये उलटं झालं: मिक पहिला आला, लोक जल्लोष करत होते, आणि एका कुत्र्याने दुसऱ्याशी भांडण काढल्यामुळे शर्यत रद्द ठरली. पुन्हा धावल्यावर सेल्डम लेड जिंकला. वळणाने एकदा दिलं, एकदा नेलं.

ट्रॅकचं प्रस्थ किती होतं? 1966 च्या फुटबॉल विश्वचषकात उरुग्वे-फ्रान्स सामना वेम्बलीवर व्हायचा होता. पण वेम्बलीच्या मालकाने त्या शुक्रवारची कुत्र्यांची शर्यत रद्द करायला नकार दिला आणि सामना व्हाइट सिटीला हलवावा लागला.

ट्रॅक सशांसाठी दयाळू, हे स्मिथ यांच्या हेतूपुरतं खरं. पण 2015 मध्ये ऑस्ट्रेलियात काही प्रशिक्षक कुत्र्यांना चेव यावा म्हणून चोरून जिवंत प्राणी बांधत असल्याचं उघड झालं. म्हणजे जुना खेळ नव्या खेळाच्या मागच्या दाराने आत आलेला. इंग्लंड आणि वेल्समध्ये 2004 च्या कायद्याने कोर्सिंगवर बंदी आली. शेवटचा वॉटर्लू कप फेब्रुवारी 2005 मध्ये, बंदी लागू व्हायच्या आधी काही दिवस उरकला गेला. अमेरिकेत फ्लोरिडाने 2018 च्या मतदानात ट्रॅकविरुद्ध कौल दिला आणि 2020 संपताना तिथल्या शर्यती थांबल्या. दोन्ही बातम्या आपल्याकडे ‘कुत्र्यांच्या शर्यतीवर बंदी’ अशाच मथळ्याने येऊ शकतात, पण बंद झालेल्या गोष्टी वेगवेगळ्या आहेत.

आयर्लंडमध्ये तर गोंधळ ठरलेलाच. तिथे कोर्सिंग अजून कायदेशीर आहे. 1993 पासून कुत्र्यांच्या तोंडाला मुसकं बांधावं लागतं एवढंच. क्लॉनमेलला दरवर्षी राष्ट्रीय कोर्सिंग सभा भरते आणि तिच्या एका मुख्य स्पर्धेचं नाव डर्बी. डब्लिनच्या शेल्बर्न पार्क ट्रॅकवर होते तीही डर्बी. तेव्हा आयरिश डर्बी जिंकलेल्या कुत्र्याबद्दल वाचाल तर आधी सेकंद दिलेत का ते पाहा. सेकंद असतील तर ती ट्रॅकची डर्बी. लाल-पांढरे पट्टे आणि पंचाचा निर्णय असेल तर क्लॉनमेलची.