तंतोतंत जुळणारी सही खोटी का ठरते?

'अतिगोपनीय' असा शिक्का असलेली सरकारी कागदपत्रं फुटली आणि त्यांत परग्रहावरच्या यानाचा उल्लेख सापडला, अशी बातमी अधूनमधून येतच असते. मग परग्रहवासी असतात की नसतात यावर वाद पेटतो. माझ्या मते त्या घडीला हा प्रश्नच गैरलागू आहे. हातातला कागद अस्सल आहे का हे तपासायला विश्वात जीवसृष्टी कुठे आहे हे ठाऊक असण्याची गरज नसते. कागद, शाई, टाइप, सही, दप्तरातली नोंद यांचं स्वतंत्र शास्त्र आहे, आणि अमेरिकेतलं 'मॅजेस्टिक 12' प्रकरण हा त्याचा उत्तम धडा आहे.

डिसेंबर 1984 मध्ये जेमी शँडेरा या टीव्ही निर्मात्याला टपालाने 35 मिलिमीटर फिल्मचा एक रोल आला. पाठवणारा अज्ञात. फिल्म धुतल्यावर तीत काही पानांचे फोटो निघाले. एक टिपण 18 नोव्हेंबर 1952 चं होतं, नवनिर्वाचित अध्यक्ष आयझेनहॉवर यांच्यासाठी. न्यू मेक्सिकोत रोझवेलजवळ 1947 मध्ये यान कोसळलं, मृतदेह मिळाले आणि 'मॅजेस्टिक 12' ही 12 जणांची गुप्त समिती नेमली गेली, असा त्याचा मजकूर. सोबत 24 सप्टेंबर 1947 चं पत्र होतं. अध्यक्ष ट्रुमन यांनी संरक्षणमंत्री फॉरेस्टल यांना लिहिलेलं, खाली ट्रुमन यांची सही.

आले ते फोटो, मूळ कागद नव्हेत. म्हणजे कागदाची आणि शाईची रासायनिक तपासणी तिथेच संपली. ही तपासणी किती निर्णायक ठरू शकते ते 1983 मध्ये हिटलरच्या तथाकथित रोजनिशांच्या वेळी दिसलं होतं. कागद पांढराशुभ्र दिसावा म्हणून महायुद्धानंतर वापरात आलेलं एक रसायन त्या पानांत सापडलं, आणि विषय मिटला. फिल्मच्या बाबतीत उरतो फक्त आकार: अक्षरांचा, तारखेच्या मांडणीचा आणि सहीचा.

सहीचं विज्ञान मला फार मोहवतं. सही करताना आपण अक्षरं 'काढत' नाही. मेंदू स्नायूंना आज्ञांची एक तयार मालिका पाठवतो आणि बोटं, मनगट, कोपर ती झपाट्याने पार पाडतात. एकेक फटकारा सेकंदाच्या जवळपास दहाव्या भागात उरकतो. तेवढ्यात डोळ्यांनी चूक पाहून हात सावरणं शक्यच नसतं. त्यात चेतापेशींचे संदेश दर वेळी थोडे कमीजास्त होतात, आणि जोर जितका अधिक तितकी ही कमीजास्तीही अधिक. बसण्याची ढब, लेखणी, कागदाखालचा पृष्ठभाग हे सगळं बदलत असतं ते वेगळंच. म्हणून एका माणसाच्या सह्या एकमेकींसारख्या असतात, पण एकच नसतात. पाहून गिरवलेल्या सहीत रेषा संथ आणि थरथरती येते. कापून चिकटवलेल्या सहीत रेषा सहज असते, कारण ती खरोखरच त्या माणसाची असते. पण ती दुसऱ्या कुठल्यातरी सहीशी नको इतकी जुळते.

'नको इतकी' म्हणजे किती? याचा हिशेब 1860 च्या दशकात मॅसॅच्युसेट्समधल्या सिल्व्हिया हाउलँड यांच्या मृत्युपत्राच्या खटल्यात मांडला गेला. गणितज्ञ बेंजामिन पर्स आणि त्यांचा मुलगा चार्ल्स यांनी बाईंच्या 42 खऱ्या सह्या घेतल्या. दोन-दोनच्या जोड्या केल्या की 861 होतात. प्रत्येक सहीत वरून खाली येणारे 30 फटकारे. एकेक जोडी एकमेकींवर ठेवून पाहिलं, तर पाचांतला साधारण एक फटकारा जुळत होता. मृत्युपत्रावरची खरी सही आणि वादातली सही या जोडीत मात्र तीसच्या तीस जुळले! बेंजामिन यांनी 1/5 ला स्वतःनेच 30 वेळा गुणलं. येणाऱ्या अपूर्णांकाचा छेद 21 अंकी असतो. यातली खोट आज सांख्यिकीचा विद्यार्थीही सांगेल: फटकारे एकमेकांपासून स्वतंत्र नसतात. एकाच बैठकीत केलेल्या दोन सह्यांचे पहिले दहा फटकारे जुळले, तर पुढचेही जुळण्याची शक्यता वाढते, म्हणजे तो अवाढव्य आकडा फुगलेला आहे. तरी मूळ कल्पना टिकते. आधी नैसर्गिक फरक मोजा, मग साम्य किती संशयास्पद आहे ते ठरवा.

आता ट्रुमन यांच्याकडे. संशयवादी पत्रकार फिलिप क्लास यांना दिसलं की फिल्ममधली सही ट्रुमन यांनी 1 ऑक्टोबर 1947 रोजी शास्त्रज्ञ व्हॅनेव्हर बुश यांना लिहिलेल्या अस्सल पत्रावरच्या सहीशी जुळते. 'एच' काढताना लेखणी जिथे घसरली, ती चूकसुद्धा दोन्हीकडे तीच. छायाप्रतीमुळे पडणारा आकाराचा किंचित फरक सोडला, तर दोन्ही सह्या एकच.

1985 मध्ये राष्ट्रीय अभिलेखागारात या समितीचा उल्लेख असलेली आणखी एक चिठ्ठी मिळाली. अध्यक्ष आयझेनहॉवर यांचे सहायक रॉबर्ट कटलर यांनी हवाई दलप्रमुख जनरल ट्विनिंग यांना पाठवलेली, तारीख 14 जुलै 1954. सरकारी दप्तरातच सापडली म्हणून समर्थक हरखले. पण तिच्यावर अतिगोपनीय कागदाला असणारा नोंदणी क्रमांक नव्हता, कटलर यांच्या दप्तरातल्या नमुन्यांत दिसणारं गरुडाचं जलचिन्ह नव्हतं, आणि त्या दिवशी कटलर परदेशात होते. 1988 मध्ये एफबीआयने मॅजेस्टिकच्या कागदांची चौकशी केली. हवाई दलाने ते बनावट असल्याचं कळवल्यावर फाइलमधल्या प्रतीवर ठळक अक्षरांत 'बोगस' लिहिलं गेलं. यावर 'सरकार नाकारतंय म्हणजे नक्कीच खरं' असं म्हणणारे आहेत. होकार आला तरी पुरावा, नकार आला तरी पुरावा! भोंदू बाबाचा अंगारा याच तर्कावर चालतो, आणि अशा तर्कापुढे कुठलीही तपासणी हतबल होते.

याच्या उलट टोकाला एफबीआयचे वॉशिंग्टनमधले अधिकारी गाय हॉटेल (Guy Hottel) यांचं 22 मार्च 1950 चं टिपण आहे. ते पूर्णपणे अस्सल असून एफबीआयच्या संकेतस्थळावर कुणालाही वाचता येतं. न्यू मेक्सिकोत तीन तबकड्या आणि प्रत्येकीत सुमारे तीन फूट उंचीचे तीन देह मिळाले, असं त्यात लिहिलंय. पण लिहिणाऱ्याने स्वतः काही पाहिलं नव्हतं. कुणीतरी कुणालातरी सांगितलेलं त्याने वरिष्ठांना कळवलं, आणि एफबीआयने पुढे काही तपासही केला नाही. इथे कागद खरा आहे, सही खरी आहे, तारीखही खरी आहे. सिद्ध होतं ते इतकंच, की 1950 मध्ये ही अफवा वॉशिंग्टनपर्यंत पोचली होती.