पुसली जाणारी रेघ, राहणारी रेघ: बेळगावच्या मार्किंगकामाची पार्श्वभूमी

बेळगावच्या उद्यमबागेत किंवा मच्छेकडच्या वर्कशॉपमध्ये आयटीआय करून नवा मुलगा आला, की मार्किंगची, म्हणजे धातूवर रेघा आणि खुणा आखायची, हत्यारे कोणती घ्यावीत हा विषय हमखास निघतो. एक मिस्त्री सांगतो, आधी चांगली सरफेस प्लेट (मार्किंगसाठीची अगदी सपाट प्लेट) घे. दुसरा व्हर्नियर हाइट गेजवर, म्हणजे उंची मोजून तिथे रेघ मारायच्या हत्यारावर, अडून बसतो. अलीकडे तर सरळ फायबर लेझरचेच नाव निघते. तिघांचेही म्हणणे आपापल्या कामापुरते खरे असते. कामात रेघा दोन जातींच्या असतात: एक मशीनवर जॉब (घडवायची वस्तू) चढेपर्यंत लागते आणि कटिंगमध्ये निघून जाते, दुसरी वस्तूबरोबर कायम राहते. या दोन्ही रेघांची हत्यारे वेगळ्या वाटांनी आली आहेत, आणि आपल्या भागात दोन्ही वाटा चांगल्या जुन्या आहेत.

राहणाऱ्या रेघेचा पुरावा खानापूर तालुक्यातल्या हलशीचा. तिथे मिळालेले कदंब राजांचे ताम्रपट पाचव्या शतकापर्यंत मागे जातात. ताम्रपट करताना साधारणपणे मजकूर आधी शाईने पत्र्यावर लिहिला जाई आणि मग सोनार किंवा तांबट तो छिन्नीने कोरी. आखणारा एक, कोरणारा दुसरा. कोरणाऱ्याला वाचता येईच असे नव्हते, त्यामुळे जुन्या ताम्रपटांत चुकलेली अक्षरे सापडतात. पत्रे एकमेकांवर घासून अक्षर झिजू नये म्हणून पुष्कळदा त्यांच्या कडा थोड्या उचललेल्या असत. आज नेमप्लेट करणाऱ्यानेही अक्षर झिजणार कुठे, हा विचार आधी करावा.

हाच हात पुढे सराफांकडे आणि भांड्यांच्या दुकानांत दिसतो. शहापूर संस्थानी काळात सांगलीकरांकडे होते, आणि तिथली सराफ गल्ली आजही त्याच नावाने ओळखली जाते. चांदीवर नक्षी काढायची तर दागिना राळेत बसवायचा, म्हणजे ठोका बसला तरी पत्रा दबत नाही. पितळेच्या भांड्यावर नाव घालायचे काम बारीक छिन्नी आणि हलक्या हातोडीने, ठिपक्याला ठिपका लावून होई. घरोघरी स्टील आले तशी ती छिन्नी मागे पडली, कारण स्टील पितळेपेक्षा कठीण. मग विजेचे नाव घालायचे यंत्र आले. आपल्याकडच्या 50 सायकलच्या विजेवर त्यातले चुंबक सुईला एका सायकलला दोन, असे सेकंदाला 100 ठोके द्यायला लावते. त्या सुईचे टोक टंगस्टन कार्बाइडचे असते. हा माल जर्मनीच्या क्रुप कंपनीने 1920च्या दशकाच्या अखेरीस बाजारात आणला.

पुसल्या जाणाऱ्या रेघेची गोष्ट मला जास्त मोलाची वाटते, कारण बेळगावची कारखानदारी तिच्यावर उभी राहिली. लक्ष्मणराव किर्लोस्कर 1869 साली याच जिल्ह्यातल्या गुर्लहोसूरला जन्मले. चित्रकार व्हायचे म्हणून ते मुंबईला जे. जे. स्कूल ऑफ आर्टमध्ये गेले, पण काही रंग त्यांना नीट ओळखता येत नसत. रंग सुटले, रेघ मात्र हातात राहिली. पुढे त्यांनी मुंबईच्या व्हिक्टोरिया ज्युबिली टेक्निकल इन्स्टिट्यूटमध्ये यांत्रिक ड्रॉइंग शिकवले. बेळगावात सायकलींचे दुकान, मग कडबा कापायचे यंत्र आणि 1903च्या सुमारास लोखंडी नांगर, असा त्यांचा प्रवास. शहराच्या वाढीसाठी नगरपालिकेने कारखान्याची जागा मागितली, आणि 1910 साली औंध संस्थानच्या बाळासाहेब पंतप्रतिनिधींनी दिलेल्या माळावर किर्लोस्करवाडी वसली. कारखाना गेला, तरी ड्रॉइंग वाचून लोखंडावर रेघ मारायची विद्या बेळगावात रुजली. आजच्या फौंड्र्या (ओतकामाचे कारखाने) आणि हायड्रॉलिकची, म्हणजे तेलाच्या दाबावर चालणाऱ्या यंत्रांची, वर्कशॉप तिच्यावरच चालतात.

फौंड्रीत मार्किंगची सुरुवात पॅटर्नपासून, म्हणजे ज्यावरून साचा करतात त्या नमुन्यापासून, होते. बीड (ओतीव लोखंड) थंड होताना साधारण एक टक्का आकसते, पोलादी ओतकाम दोन टक्के. म्हणून पॅटर्नवाल्याची पट्टी मुळातच लांब आखलेली असते. 300 मिलिमीटरच्या बीड जॉबला पॅटर्न 303चा. ही श्रिंकेज पट्टी साध्या पट्ट्यांत मिसळली तर सगळी बॅच भंगारात जाते. तिला वेगळा रंग द्यावा आणि वेगळ्या खणात ठेवावी.

ओतून आलेला जॉब मार्किंग टेबलावर येतो तेव्हाचे काम पाहण्यासारखे असते. खरबरीत कातडीवर स्क्राइबरची (रेघ ओढायच्या टोकदार सळईची) रेघ उठत नाही, म्हणून आधी चुना किंवा खडू फासतात. मशीन झालेल्या चकचकीत पृष्ठावर मार्किंग ब्लू (निळा रंग) किंवा मोरचुदाचे पाणी. त्यातले तांबे पोलादावर पातळ थर धरते आणि त्यावर रेघ लख्ख दिसते. जॉब तीन जॅकवर ठेवतात, कारण तीन टेकू कधी डुगडुगत नाहीत. मग मार्कर आधी माल तपासतो. कोअर (साच्यात पोकळी राखणारा गाभा) दोन मिलिमीटर सरकला असेल तर बोअरचे, म्हणजे आतल्या भोकाचे, सेंटर तो असे वाटून घेतो, की भिंत कुठेच पातळ पडू नये. शेवटी 60 अंशांच्या पंचने रेघेवर बारीक डॉट मारतो. कटिंगनंतर अर्धा डॉट शिल्लक दिसला, की काम रेघेवर झाले हे कोणालाही कळते. ड्रिलसाठी मात्र 90 अंशांचा सेंटर पंच हवा, त्याच्या रुंद खड्ड्यात ड्रिल नीट बसते.

हे सगळे सपाट टेबलाच्या भरवशावर चालते. खरी सपाट प्लेट तिसऱ्या प्लेटशिवाय सिद्ध होत नाही, कारण दोनच घासल्या तर एक फुगीर आणि दुसरी खोलगट होऊनही जुळतात. तीन प्लेट आलटून पालटून स्क्रेप करायची (खरवडून जुळवायची) ही रीत इंग्रज इंजिनिअर जोसेफ व्हिटवर्थने 1840 साली जाहीरपणे मांडली. सपाट प्लेट नसेल तर महागडा हाइट गेजही चुकीचीच उंची दाखवणार.

व्हीएमसी (संगणकावर चालणारी कटिंग मशीन) आणि फिक्श्चर (जॉब ठरल्या जागी पकडणारी चौकट) आल्यापासून रोजचे मार्किंग कमी झाले, आणि राहणाऱ्या रेघेला पुन्हा महत्त्व आले. बेळगाव जिल्ह्यातल्या हत्तरगीला विमानांचे सुटे भाग बनतात. अशा कामात प्रत्येक नगाची ओळख पटावी लागते. इथे लेझर निवडताना लहरलांबी पाहावी. कार्बन डायऑक्साइड लेझर 1964 साली कुमार पटेल यांनी अमेरिकेतल्या बेल लॅबमध्ये शोधला. ते जन्माने बारामतीचे, शिक्षणाने पुण्याच्या इंजिनिअरिंग कॉलेजचे. या लेझरची लहरलांबी 10.6 मायक्रोमीटर, ती उघडा धातू बहुतांशी परतवतो. लाकूड आणि अॅक्रिलिक मात्र ती छान कोरते. फायबर लेझरची लहरलांबी सुमारे 1.06 मायक्रोमीटर, ती धातूत चांगली शिरते. फक्त धातूचे काम असेल तर फायबरच घ्यावा.

नव्या मुलाने मात्र पहिला पैसा सरफेस प्लेट, गुण्या (काटकोन पाहायचे हत्यार), कार्बाइड टोकाचा स्क्राइबर आणि दोन पंचांवर घालावा, असे मला ठामपणे वाटते. अॅल्युमिनियमचा पत्रा वाकवायच्या रेघेला स्क्राइबर लावू नये, तिथे पेन्सिलच वापरावी. ओरखड्यावरच पत्रा तडकतो. आणि हायड्रॉलिक ब्लॉकवर नंबर घालताना ओ-रिंग (तेल अडवणारी रबरी कडी) बसते ते पृष्ठ सोडून द्यावे. तिथे एक डॉट जरी पडला तरी दाबाखाली तेल गळायला लागते.