उलट बाजूचा विंगर: पार्श्वभूमी

आइस हॉकीत ‘डावा’ हा शब्द तीन वेगळ्या गोष्टींसाठी वापरतात आणि निम्मे वाद तिथेच सुरू होतात. डावा विंगर म्हणजे रिंकच्या, म्हणजे बर्फाच्या मैदानाच्या, डाव्या बाजूने खेळणारा आघाडीपटू. लेफ्ट शॉट म्हणजे ज्याचा डावा हात काठीवर खाली असतो आणि पातं अंगाच्या डावीकडे पडतं. क्रिकेटमधला डावखुरा फलंदाज बॅट धरतो तशीच पकड. तिसरा, डाव्या हाताने लिहिणारा डावखुरा, त्याचा या दोघांशी फारसा संबंध नाही. उजव्या हाताने लिहिणारे कितीतरी जण लेफ्ट शॉट असतात, कारण काठी वळवण्याचं नाजूक काम वरचा हात करतो. मैदानी हॉकीत ही भानगडच नाही: काठी एकाच बाजूने सपाट, आणि उजवा हात सगळ्यांचाच खाली.

पहिल्या दोन बाजू जुळल्या नाहीत, म्हणजे राइट शॉट डाव्या विंगवर किंवा लेफ्ट शॉट उजव्या विंगवर, की त्याला ऑफ-विंग म्हणतात. कुणी ‘ऑफ-हँड बाजू’ म्हणतं, आणि ऐकणाऱ्याला वाटतं हा गडी दुबळ्या हाताने खेळतोय. तसं काही नाही. हात तोच, पकड तीच, फक्त जागा बदलते.

जागेने मात्र बराच फरक पडतो. डाव्या वर्तुळात (समोरच्या गोलाजवळ आखलेल्या दोन वर्तुळांपैकी डावीकडच्या) उभ्या राइट शॉटचं पातं बोर्डाकडे, म्हणजे रिंकभोवतीच्या कठड्याकडे, नसून रिंकच्या मध्याकडे असतं. तेवढ्या एका हाताच्या अंतराने गोलाचं तोंड जास्त उघडं दिसतं. पलीकडून आडवा आलेला पास अंगावरून न जाता थेट फोरहँडवर (पात्याच्या पुढच्या बाजूवर) येतो. पक (खेळातली रबरी चकती) थांबवायचा नाही: पातं पकच्या किंचित मागे बर्फावर आपटतं, काठी धनुष्यासारखी वाकते आणि सुटते. गोलरक्षक तेव्हा अजून एका खांबाकडून दुसऱ्या खांबाकडे सरकतच असतो. हाच वन-टायमर. किंमत मोजावी लागते ती आपल्याच भागात. बचावपटूने बोर्डाच्या कडेने दिलेला पास बॅकहँडवर (पात्याच्या मागच्या बाजूवर) येतो, आणि तो घेताना मान वळली की समोरून येणारी धडक दिसत नाही.

जुन्या काळात यावर कुणी फार डोकं शिणवलं नाही, कारण पातं सरळ होतं. फोरहँड आणि बॅकहँड यांत आजच्याइतकी तफावत नव्हती. मॉन्ट्रियलच्या एका लेफ्ट शॉटला 1943 च्या सुमारास प्रशिक्षकाने उजव्या विंगवर नेलं. 1944-45 च्या हंगामात त्याने 50 सामन्यांत 50 गोल केले. 1960 च्या दशकाच्या सुरुवातीला शिकागोतल्या दोघांनी वाकडं पातं रुजवलं. ते इतकं वाकत गेलं की 1970 मध्ये एनएचएलला, म्हणजे उत्तर अमेरिकेतल्या मुख्य लीगला, नियमाने वाक अर्ध्या इंचावर आणावा लागला. 2006 मध्ये ही मर्यादा पाऊण इंच झाली. वाकड्या पात्याने फोरहँड जहाल झाला, बॅकहँड मागे पडला, आणि कोण कुठल्या बाजूला उभा आहे हे खऱ्या अर्थाने महत्त्वाचं ठरलं. सोव्हिएत संघाचे उजवे विंगर बहुतेक लेफ्ट शॉटच असत. 1972 मध्ये कॅनडाशी झालेल्या आठ सामन्यांत ते कडेने धावण्याऐवजी मध्याकडे वळताना दिसले. त्यांचा घरचा रिंक 30 मीटर रुंद, उत्तर अमेरिकेतला जेमतेम 26, हेही विसरायला नको.

खरी जुंपली ती वॉशिंग्टनमध्ये. तिथला रशियन राइट शॉट 2005 पासून डाव्या विंगवर. 2007-08 मध्ये त्याचे 65 गोल, 2010-11 मध्ये 32. डावीकडून आत वळायचं आणि मारायचं, ही चाल एव्हाना बचावपटूंना तोंडपाठ झाली होती. 2012-13 साठी आलेल्या नव्या प्रशिक्षकाने, जो स्वतः खेळाडू असताना पासिंगसाठी नावाजलेला होता, त्याला उजवीकडे हलवलं. तर्क साधा: तिकडे पक फोरहँडवर येईल, वेग मिळेल, अंदाज चुकतील. सुरुवात रखडत झाली, टीकाही झाली. पण 48 सामन्यांच्या त्या तोकड्या हंगामात त्याने 32 गोल केले आणि सर्वोत्तम खेळाडूचा किताब घेतला. मत देणाऱ्यांचा इतका गोंधळ उडाला की तो लीगमधल्या वर्षाच्या सर्वोत्तम खेळाडूंच्या पहिल्या संघात उजवा विंगर आणि दुसऱ्या संघात डावा विंगर म्हणून निवडला गेला. एकच माणूस, एकच हंगाम, दोन जागा!

या निर्णयाचं श्रेय जरा जास्तच वाटलं गेलं, असं माझं मत. बाजू बदलली ती समान संख्येच्या खेळात. पॉवर प्लेमध्ये, म्हणजे समोरचा खेळाडू शिक्षेमुळे बाहेर असताना, त्याच प्रशिक्षकाने त्याला डाव्या वर्तुळातच ठेवलं होतं, आणि वॉशिंग्टनचा पॉवर प्ले त्या वर्षी लीगमध्ये पहिला आला. पुढच्या हंगामात 51 गोल झाले, त्यातले 24 पॉवर प्लेवर. प्लस-मायनस (तो बर्फावर असताना संघाने केलेले वजा खाल्लेले गोल, पॉवर प्लेवरचे सोडून) मात्र उणे 35. प्रशिक्षक गेला, नव्या प्रशिक्षकाने त्याला डावीकडे परत आणलं, आणि 53 गोल झाले. 6 एप्रिल 2025 रोजी लीगमधल्या कारकिर्दीतल्या गोलांचा विक्रम मोडणारा त्याचा 895 वा गोलही पॉवर प्लेवर, डाव्या वर्तुळातूनच.

बचावपटूंच्या बाबतीत मोजमाप वेगळं आहे. ब्लू लाइनवर, म्हणजे समोरच्या संघाच्या भागाच्या निळ्या सीमारेषेवर, उलट बाजूच्या बचावपटूला वन-टायमर मिळतो, पण बोर्डावरून सरकत येणारा पक बॅकहँडने अडवावा लागतो. तो निसटला की समोर मोकळा रिंक. म्हणून 2014 च्या सोची ऑलिंपिकसाठी कॅनडाने मोजून चार लेफ्ट शॉट आणि चार राइट शॉट बचावपटू घेतले, आणि त्यापायी नावाजलेले लेफ्ट शॉट घरी बसले. सहा सामन्यांत त्यांनी तीनच गोल खाल्ले आणि सुवर्ण नेलं. हा हट्ट सगळ्यांना परवडणारा नाही. राइट शॉट बचावपटू मुळातच कमी, त्यामुळे बहुतेक संघांत एखादा तरी लेफ्ट शॉट उजव्या बाजूला उभा राहून बॅकहँड घोटत असतो.