अ‍ॅक्टिव्ह की पॅसिव्ह? किनाऱ्यावरच्या घरासाठी स्पीकर

समोरून दोन्ही सारखेच दिसतात. ओळख पटते ती मागून. नुसती लाल-काळी टर्मिनलं असतील तर स्पीकर पॅसिव्ह. आत कॉइल-कपॅसिटरचा क्रॉसओव्हर (जाड आणि बारीक आवाज वेगळे करणारं सर्किट) असतो, अ‍ॅम्प्लिफायर वेगळा घ्यावा लागतो. विजेची वायर आणि आरसीए (गोल ऑडिओ सॉकेट) किंवा ब्लूटूथ दिसलं तर अ‍ॅम्प आतच आहे.

पण आत अ‍ॅम्प आहे म्हणून तो अ‍ॅक्टिव्ह, असं नाही, जरी दुकानात सर्रास तसं सांगतात. बऱ्याच स्वस्त जोड्यांत अ‍ॅम्प एकाच खोक्यात असतो आणि दुसरं खोकं त्याला वायरने जोडलेलं, म्हणजे पॅसिव्हच. अशी जोडी म्हणजे पॉवर्ड. खऱ्या अ‍ॅक्टिव्हमध्ये सिग्नल अ‍ॅम्पच्या आधीच विभागला जातो आणि वूफर (जाड आवाजाचा), ट्वीटर (बारीक आवाजाचा) दोघांना स्वतंत्र अ‍ॅम्प मिळतो.

पॅसिव्ह स्पीकर मोबाईलला थेट जोडला तर जेमतेम कुजबुज ऐकू येते, बिघडत काही नाही. उलटी चूक महागात पडते: अ‍ॅम्पचं स्पीकर आउटपुट पॉवर्डच्या आरसीएत दिलं तर त्याचं इनपुट जळू शकतं.

पॅसिव्हला वायर तांब्याचीच घ्या. ८ ओम रोधाच्या स्पीकरला १० मीटरपर्यंत १.५ चौरस मिमी पुरते, ४ ओमला २.५ घ्यावी. एकाच चॅनलवर ४ ओमचे दोन स्पीकर समांतर जोडले की भार २ ओमवर येतो आणि साधा अ‍ॅम्प तापून बंद पडतो. एका स्पीकरची लाल-काळी उलटी लागली तर बेस गायब होतो. आवाज पातळ वाटला की आधी तेच तपासा. आणि ट्वीटर जळतात ते बऱ्याचदा छोटा अ‍ॅम्प पूर्ण पिळल्यामुळे, कारण आवाज फाटला की ट्वीटरवरचा ताण वाढतो.

पॉवर्डमध्ये ही डोकेदुखी कमी, पण घुंई आवाज येऊ शकतो. टीव्ही आणि स्पीकर एकाच एक्स्टेंशन बोर्डवर लावून पाहा. इन्व्हर्टर स्क्वेअर वेव्ह असेल तर ट्रान्सफॉर्मरवाला कुठलाही अ‍ॅम्प गुणगुणतोच.

मालवण, गुहागर, हर्णैसारख्या ठिकाणी खरा प्रश्न वेगळा आहे: सर्किट कुठे राहणार? पॉवर्ड स्पीकर ओटीवर ठेवला की अ‍ॅम्पही खाऱ्या वाऱ्यात आला. पॅसिव्हमध्ये अ‍ॅम्प माजघरातल्या कपाटात ठेवून वायर तेवढी बाहेर नेता येते. बिघडला तर तेवढाच उचलून एसटीने रत्नागिरी-कोल्हापूरला नेता येतो, खोकी घरीच. म्हणून किनाऱ्यालगत आम्ही पॅसिव्हच सुचवू. टीव्हीसाठी बंद खोलीत मात्र पॉवर्ड सुटसुटीत.

तारेची उघडी टोकं हिरवी पडतात. पावसाळ्यानंतर सेंटीमीटरभर कापून नव्याने सोला, नाहीतर टोकाला बनाना प्लग (टर्मिनलात खुपसायची धातूची पिन) लावा. स्पीकरच्या कोनचा (पुढच्या हलणाऱ्या पडद्याचा) कडेचा घेर फोमचा नको, रबरी घ्या. दमटपणात फोम भुगा होऊन गळतो.

विजा कडाडतात त्या मुख्यतः पावसाच्या तोंडावर आणि परतीच्या पावसात. तेव्हा प्लग काढून ठेवा. बटण बंद करणं पुरेसं नाही. जुलै-ऑगस्टच्या संततधारेत मात्र अ‍ॅम्प रोज थोडा वेळ चालवा, आतल्या उबेने ओल धरत नाही. चाकरमान्यांचं बंद घर असेल तर अ‍ॅम्प घट्ट झाकणाच्या डब्यात, सिलिका जेलच्या पुड्या घालून ठेवा.